कोऱ्या रकान्यातला चंद्र

पासपोर्टात चिकटवलेल्या एका कागदावर माझा व्यवसाय ‘मिशनरी’ असा छापलेला आहे. मी शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत राहणारी, सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळ्या पूजा सांगणारी बाई. तरी छपाईची चूक म्हणून मला हात झटकता येत नाहीत, कारण तो शब्द फॉर्मवर मीच भरला होता. नॉर्वेतल्या मराठी लोकांच्या एका मंडळाने मला वर्षभरासाठी बोलावलं, तेव्हा व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘पुरोहित’ असा पर्यायच नव्हता. एक होता धर्मगुरूचा, पण त्याला पदवीचा दाखला जोडायचा होता. दुसरा मिशनरीचा. तिसरा ‘इतर’, आणि त्यापुढे खुलासा करायला जेमतेम अर्धी ओळ. अर्ध्या ओळीत पौरोहित्य कसं समजावणार? मी मिशनरीवर खूण केली आणि मोकळी झाले.

मुलाखतीला काचेपलीकडे बसलेल्या तरुण अधिकाऱ्याने चष्म्यातून मला नीट न्याहाळलं. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, पांढरे केस, पायात रबरी सोलच्या चपला.

“तुम्ही आमच्या देशात येऊन लोकांचं धर्मांतर करणार का?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “साहेब, छत्तीस वर्षं संसार करून मला माझ्या नवऱ्याला देवापुढे हात जोडायला लावता आलेलं नाही. तुमच्या देशाला माझ्यापासून काही धोका नाही.”

तो हसला नाही. मी कुणाचंही धर्मांतर करणार नाही, असं त्याने माझ्याकडून लेखी घेतलं. मी सही केली, खाली तारीख घातली आणि कंसात पूर्ण नावही लिहिलं. सवयच आहे तशी.

ही सवय कुठून आली तेही सांगते. एकतीस वर्षं मी परळच्या एका सरकारी कचेरीत खिडकीवर बसले. माझं काम लोकांचे अर्ज तपासून घेण्याचं. आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलेला नियम एकच होता: कोरा रकाना असलेला अर्ज घ्यायचा नाही. रेघ मारा, ‘लागू नाही’ लिहा, काहीही करा, पण कोरं सोडू नका. निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून दादरला बायकांसाठी चालणाऱ्या पौरोहित्याच्या वर्गात नाव घातलं. दोन वर्षं पाठांतर केलं आणि पिशवी उचलून कामाला लागले. त्यालाही आता आठ-नऊ वर्षं झाली.

पहिली पूजा परळच्याच एका टॉवरमध्ये होती. मी चौरंग मांडला, केळीचे खांब बांधले, कलशावर नारळ ठेवला. यजमान सोवळं नेसून बाहेर आले आणि मला म्हणाले, “काकू, तुमची तयारी झाली असेल तर गुरुजींना फोन लावू का? कुठपर्यंत आलेत?”

“आलेत,” मी म्हटलं.

बिचाऱ्याने माझ्या मागे वाकून पाहिलं.

आता या सगळ्या उद्योगाची घरातली टीकाकार मंडळी म्हणजे एकटे आमचे हे. सुधाकर नाव. शाळेत गणित शिकवत होते. देव मानत नाहीत, पंचांग मानत नाहीत, आणि न मानण्याचं हे काम अतिशय निष्ठेने करतात. संकष्टीला दिवसभर उपाशी राहून मी चंद्राची वाट पाहत असले की सात वाजता माझ्यासमोर बसून बटाटेवडे खाणार आणि वर म्हणणार, “अगं, तो एक दगड आहे. तू जेवलीस काय, न जेवलीस काय, तो वेळेवरच यायचा.” नॉर्वेचं आमंत्रण आल्यावर मात्र त्यांनीच माझ्यासाठी लोकरीचे मोजे शोधून आणले. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ते मित्रांना सांगत सुटले, “आमची मिशनरी निघाली.”

विमानतळावर उतरल्यावर पहिली परीक्षा कस्टमच्या माणसाने घेतली. माझ्या पिशवीतून त्याने दर्भाची जुडी काढली आणि हे कसलं गवत म्हणून विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला ते ओढायचं गवत वाटतंय. तोंडाने सांगून काही उपयोग होईना. मग मी तिथेच दोन काड्या घेऊन पवित्रक वळलं, म्हणजे पूजेला बसताना अनामिकेत घालायची दर्भाची अंगठी, आणि त्याच्या बोटात घातलं. तो खुलला. त्याने शेजारच्या काउंटरवरच्या बाईला हात दाखवला. तिलाही पाहिजे झालं. मी चार पवित्रकं वळून दिली तेव्हा माझी सुटका झाली. एकशेआठ सुपाऱ्यांबद्दल मग कुणी विचारलंच नाही.

बाहेरच्यांना वाटतं, पूजा म्हणजे मंत्र. मंत्र पाठ असतात, त्यात फारसं काही नाही. खरं काम म्हणजे माणसं सांभाळणं आणि पत्ता बरोबर सांगणं. पत्ता म्हणजे संकल्प. पूजेच्या सुरुवातीला आपण कुठल्या खंडात, कुठल्या देशात, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कुठल्या तिथीला बसलो आहोत ते देवाला सांगायचं असतं. दादरला हे सगळं तोंडातून आपसूक येतं. नॉर्वेत मी प्रत्येक घरी आधी नदीचं नाव विचारायचे. ती नावं संस्कृतात बसवताना जिभेला गाठ पडायची. एका यजमानांनी तर पिनकोडही घालायला सांगितला, कारण त्यांच्याकडे येणारी पार्सलं नेहमी शेजारी जायची.

माणसांचे नमुने तर विचारू नका. एका गृहस्थांनी नवी बोट घेतली होती आणि त्यांना सत्यनारायण बोटीवरच घालायचा होता. समुद्र शांत आहे असं ते सांगत होते, पण माझं पोट ऐकत नव्हतं. कसाबसा कथेपर्यंत आले. ज्यांनी ही कथा ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे की तिच्यात प्रसाद न घेतल्यामुळे एक भरलेली नाव बुडते. ते सुरू झाल्याबरोबर यजमानीणबाईंनी काठाचा कठडा घट्ट धरला आणि म्हणाल्या, “ताई, हा अध्याय गाळा ना.” मी म्हटलं, अध्याय गाळता येत नाही, पण भराभर वाचते. त्या दिवशी प्रसादाचा शिरा सगळ्यांनी दोन-दोनदा घेतला. जो खलाशी बोट चालवत होता त्यालाही जबरदस्तीने भरवला.

आता मुख्य गोष्ट. मंडळाची माणसं चार गावांत विखुरलेली, आणि दर महिन्याला संकष्टीच्या दिवशी माझा फोन वाजून वाजून थकायचा. ताई, चंद्रोदय किती वाजता? संकष्टीचा उपास चंद्र उगवल्यावर, त्याला अर्घ्य देऊन, म्हणजे पळीने पाणी सोडून, मोदकाचा नैवेद्य दाखवून सोडायचा असतो. मुंबईत ती वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरात असते. तिथे ती गावागणिक वेगळी. मी ऑक्टोबरमध्येच ठरवलं की ही कटकट एकदाची मिटवायची. एका संकेतस्थळावरून चारही गावांच्या वर्षभराच्या वेळा उतरवून घेतल्या आणि एक झकास तक्ता केला. आडवे रकाने, उभे रकाने, लाल शाईत अंगारकी. लॅमिनेशन करून घरोघर पाठवला. एकतीस वर्षांच्या नोकरीत असा तक्ता माझ्या हातून झाला नव्हता.

फक्त एक होतं. उत्तरेकडच्या गावाच्या ओळीत उन्हाळ्यातल्या दोन-तीन महिन्यांच्या संकष्टींपुढे संकेतस्थळावर वेळच नव्हती. नुसती आडवी रेघ होती. मला वाटलं, त्यांच्या कारकुनाचा आळस. रकाना कोरा कसा सोडायचा? मी बरोबर नेलेल्या दादरच्या कॅलेंडरात पाहिलं आणि तिथली वेळ भरून टाकली. मे महिन्यातल्या अंगारकीला, रात्री दहा वाजून पाच मिनिटं. चंद्र काही दोन नाहीत, असा त्या वेळी मी विचार केला होता.

मे अखेरीला त्या उत्तरेच्या गावी प्रसादच्या घराची वास्तुशांत सांगायला गेले. वास्तुशांत बुधवारी होती, मी सोमवारी पोचले. प्रसाद लालबागचा मुलगा, तिथल्या बंदरावर इंजिनियर. बायको अपर्णा. आणि त्यांच्याकडे महिन्याभरापूर्वीच आलेली प्रसादची आई, इंदूआजी. वय पंचाहत्तर, उंची पाच फुटांच्या आत, आवाज चाळीच्या तिन्ही मजल्यांना पुरेल असा. मूळच्या मालवणकडच्या, सगळा जन्म लालबागला गेलेला. त्या गावाबाहेर लाकडी मांडवांवर मासे वाळत घालतात. बंदरावरून घरी नेताना प्रसाद म्हणाला, “आईला हे गाव एकाच गोष्टीसाठी आवडतं.” आजींनी गाडीची काच खाली केली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “सुकटीचो वास! कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेल्यासारख्या वाटता.”

मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “आणि भटजी खय आसा?”

प्रसाद घाईघाईने म्हणाला, “आई, मी सांगितलं होतं ना? ताईच सांगणार आहेत पूजा.”

“हां,” आजी म्हणाल्या. त्यानंतर घर येईपर्यंत त्या मासे वाळताना बघत राहिल्या.

मंगळवारी अंगारकी. आजींचा कडक उपास, पाण्याशिवाय काही नाही. अपर्णाने मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं की आजींना साखर आहे, गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते, आणि दर संकष्टीला घरात हाच घोर असतो. “पण आई ऐकत नाहीत. बाबांची गिरणी बंद पडली, टाळं लागलं, तेव्हापासून धरलंय त्यांनी. घर उभं राहू दे, मुलगा शिकू दे म्हणून. चाळीस वर्षांत एकदाही मोडलं नाही.”

माझा तक्ता फ्रिजवर लावलेला होता. माशाच्या आकाराचं चुंबक होतं त्यावर. आजींनी सकाळीच त्यावर बोट ठेवून वेळ वाचली होती. “धा पाच,” त्या म्हणाल्या. “भटीण म्हणून नाय, पण अक्षर बरा आसा.”

चार वाजता मोदक उकडून झाले. आजींनी लालबागहून तांदळाची पिठी आणली होती. एकवीस मोदक, प्रत्येकाला मोजून अकरा कळ्या. हात पुसत त्या खिडकीशी आल्या आणि मला विचारलं, “हयसर चंद्र खयसून येतलो गो? समुद्राकडसून काय डोंगराकडसून?”

मला काय माहीत? अपर्णाने दिशा पाहायला फोन काढला. बघता बघता तिचा चेहरा पडला. तिने तो प्रसादला दाखवला. प्रसादने आणखी काहीतरी पाहिलं.

“आई,” तो म्हणाला, “आज इथे मून राइज नाहीये.”

“नाय म्हणजे?”

“म्हणजे उगवतच नाही आज. जसा इथे सूर्य मावळत नाही ना आता, तसाच या दिवसांत पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र वर येत नाही. खालीच फिरतो. आता थेट शनिवारी येणार.”

अपर्णाने फ्रिजकडे पाहिलं. “पण ताई, तक्त्यात तर दहा पाच आहे.”

तो संकेतस्थळावरचा कारकून आळशी नव्हता. त्याने रेघ मारली होती, कारण तिथे लिहायला काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच क्षणी मी कबूल करायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, “ते... अंदाजे असतं.” चंद्राचा अंदाज! खिडकीवर असताना अशा उत्तराबद्दल मी माणसाला दहा मिनिटं बोलले असते.

आजी खुर्चीत बसल्या. “बायलमाणसान मंत्र म्हटल्यार चंद्र तरी कित्याक येतलो?” त्या स्वतःशीच म्हणाल्या, पण तिसऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा. मग मोठ्याने, “मी शनिवारपर्यंत उपाशी रवतलंय.”

“आई, वेडी झालीस काय?” प्रसाद ओरडला. “साखर डाउन झाली तर?”

आता माझी पाळी होती. मी पुढे झाले आणि शांतपणे सांगितलं, की ढगांमुळे चंद्र दिसला नाही तर पंचांगातली वेळ धरून अर्घ्य देतात, शास्त्राची त्याला हरकत नाही. दादरला पावसाळ्यात आपण तेच करतो.

आजींनी मला आपादमस्तक पाहिलं. “ढगाआड असलेलो चंद्र आणि नसलेलोच चंद्र, दोन्ये एकच काय गो?”

मी वर्गात दोन्ही वर्षं पहिली आले होते, पण या प्रश्नाचं उत्तर मला शिकवलेलं नव्हतं. आजही येत नाही.

पाच वाजले. आजींच्या कपाळावर घाम दिसायला लागला. अपर्णा साखरेचं पाणी घेऊन आली, आजींनी तोंड फिरवलं. हात त्यांनी पदराखाली घेतले. मला रडू येत होतं. या बाईने चाळीस वर्षं सांभाळलेलं व्रत आज माझ्या एका रकान्यापायी एक तर मोडणार होतं, नाही तर तिलाच मोडणार होतं. दोन्ही माझ्याच पदरात पडणार होतं.

तेवढ्यात मला संकल्प आठवला. “आजी,” मी विचारलं, “हे व्रत धरलंत तेव्हा कुठे होतात?”

“खय म्हणजे? चाळीत. लालबागाक.”

“मग देवाला दिलेला पत्ता लालबागचा आहे. तुम्ही कुठेही जा, पत्ता कुठे बदललात? चंद्र लालबागचाच बघायचा.”

आजी विचारात पडल्या. शास्त्रात हे आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी अडकले असते. पण आजी चाळीतल्या, रेशनकार्डावरचा पत्ता म्हणजे काय हे त्यांना बरोबर कळतं. “दिसाक व्हयो पण,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांनी.”

तिथून मुंबई साडेतीन तास पुढे. दादरला चंद्रोदय दहा पाचला, म्हणजे नॉर्वेतले संध्याकाळचे सहा पस्तीस. मी ह्यांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे तुला दगड दाखवायचा आहे.”

“वाद नंतर घाला. एक म्हातारी बाई उपाशी आहे.”

“बरं, निघतो,” ते म्हणाले. चपलांचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.

सहा चाळीसला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. प्रसादने फोन समईला टेकवून ठेवला. आजी पाटावर बसल्या, समोर ताम्हन, पळी, गंध, अक्षता, एकवीस मोदक. पडद्यावर एक मोठा, गुळगुळीत, चकचकीत गोळा उगवला. आजींनी लगबगीने हात जोडले.

“आजी, थांबा,” मी म्हटलं. “ते आमचे यजमान आहेत.”

ह्यांनी फोन नीट धरला. शिवाजी पार्कवर लोक फिरत होते, मागे कुणीतरी हसत होतं. पण पूर्वेला नुसत्या इमारती. “आलाय वर,” हे म्हणाले, “गणित चुकायचं नाही. पण परळचे टॉवर मध्ये आहेत. अर्धा तास तरी लागेल.”

“अर्धा तास नाय,” प्रसाद आईच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला.

आजींनीच मार्ग काढला. “टॅक्सी करा आणि आमच्या चाळीक जावा. गच्चीवरसून दिसता.” मग पंधरा मिनिटं त्यांनी नॉर्वेतल्या पाटावर बसून लालबागमधली टॅक्सी चालवली. फुलवाल्याकडे डावीकडे, पिठाच्या चक्कीवरून सरळ, मेल्या पुढे गेलास, मागे घे. टॅक्सीवाला भय्याही शेवटी म्हणायला लागला, “हाँ माताजी.” बोलता बोलता आजींचा आवाज बारीक होत चालला होता. त्या थांबल्या की आम्ही तिघं त्यांच्याकडे बघायचो.

चाळीत नवीन अडचण. गच्चीला कुलूप. एक अनोळखी टक्कल पडलेला गृहस्थ रात्री साडेदहाला फोन हातात धरून चंद्र दाखवा म्हणतोय, तर चाळीने काय समजावं? दारादारांतून माणसं बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, “काका, पिऊन आलात काय?” आमचे हे आयुष्यात चहाच्या पुढे गेलेले नाहीत. ते गणिताच्या मास्तराच्या आवाजात ओरडले, “मी इंदूबाईंच्या उपासासाठी आलोय!”

“खयच्या इंदूच्या?” एक म्हातारी पुढे आली. आजींनी पडद्याला तोंड लावलं. “शेवंता, मी गो! चावी काढ!”

शेवंताबाईंनी चावी काढली आणि त्यांच्यामागून अख्खा मजला गच्चीवर चढला. पडद्यावर डोकी, आकाश, पाण्याची टाकी, पुन्हा डोकी. मग एक उंच टॉवर. काचेचा, वरपासून खालपर्यंत दिव्यांचा.

“ता काढा बाजूक,” आजी म्हणाल्या.

“काय?” ह्यांनी विचारलं.

“टॉवर.”

हे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले. कठड्याला रेलून, हात लांब करून त्यांनी फोन धरला. शेवंताबाईंनी त्यांचा शर्ट मागून पकडून ठेवला, ते मला नंतर कळलं. आणि मग तो दिसला. टॉवरच्या कडेला, एका जुन्या चिमणीच्या डोक्यावर, चतुर्थीचा पिवळट चंद्र. गिरणीतलं सगळं पाडून ती एक चिमणी तेवढी ठेवली होती.

“ही आमची गिरण,” आजी म्हणाल्या. “टॉवर आसा ना, थयच ह्यांचो साचो होतो.” साचा म्हणजे गिरणीतला माग. मग त्यांनी पळी उचलली. हात इतका थरथरत होता की मी खालून धरला. अर्घ्याचा मंत्र मी सांगितला आणि त्यांनी तो माझ्यामागून म्हटला, एकही अक्षर न गाळता. फोनमधून चाळीतली माणसंही काहीतरी म्हणत होती. खिडकीतून ताम्हनावर नॉर्वेचं लख्ख ऊन पडलं होतं.

पहिला मोदक आजींनी खाल्ला, मग भात, मग गोळी. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग आला. प्रसाद बाहेर जाऊन डोळे पुसून आला. आता मला राहवेना. फ्रिजवरचा तक्ता काढून मी त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“आजी, इथे वेळ नव्हतीच. रकाना कोरा होता. मी दादरची वेळ ठोकून दिली. कोरा सोडवला नाही मला.”

मला वाटलं, आता तिन्ही मजले ऐकतील. आजी तक्ता हातात घेऊन बघत राहिल्या.

“प्रसादच्या शाळेचो अर्ज, रेशनचो अर्ज,” त्या म्हणाल्या, “घोवाचो, नवऱ्याचो धंदो विचारीत. गिरण बंद पडान वर्सां झाली, तरी मी ‘गिरणी कामगार’ असाच लिवत होतंय. कोरो कसो सोडूचो?”

परळच्या खिडकीवर असे किती अर्ज माझ्या हातांखालून गेले होते! लालबागच्या, काळाचौकीच्या बायका, व्यवसाय: गिरणी कामगार. गिरण्या बंद आहेत हे साऱ्या मुंबईला ठाऊक होतं. मीही रकाना भरलेला बघून शिक्का मारायचे. कदाचित त्यातला एखादा आजींचा असेल.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीला आजी पहाटेच आंघोळ करून तयार. शेजारचा नॉर्वेजियन म्हातारा पूजा बघायला आला आणि त्याने प्रीस्ट कोण म्हणून विचारलं. आजींनी माझ्याकडे बोट केलं आणि चांगल्या मराठीत त्याला सांगितलं, “ही आमची भटजी.” तो मान डोलवून बसला. निघताना त्यांनी मला सुक्या माशांचं पुडकं दिलं. मी शाकाहारी आहे म्हटलं, तर म्हणाल्या, “मगे वास घे.” तक्त्यावर त्या गावाच्या ओळीत ठोकून दिलेल्या पुढच्या महिन्यांच्या वेळा मी खोडल्या आणि रकाने कोरे ठेवले. हात जड झाला होता, पण ठेवले.

वर्ष संपवून मी परत आले, त्याला आता बरेच महिने झाले. आल्यावर पहिली संकष्टी आली. सात वाजले, साडेसात वाजले, वडे तळल्याचा वास नाही. मी विचारलं, “आज खाणं नाही का?”

“भूक नाही,” हे म्हणाले. साडेआठला चपला घातल्या.

“कुठे?”

“लालबागला. उन्हाळ्याचे तीन महिने तिकडे तो येत नाही, आणि बाकीचे महिने तिकडे ढग. इंदूबाई थांबलेल्या असतात.” दारात थांबून म्हणाले, “आणि शेवंताबाई म्हणाल्या, दाखवणाऱ्याने आधी खाऊन कसं चालेल?”

त्या अंगारकीपासून एकही संकष्टी त्यांनी चुकवलेली नव्हती, हे मला चाळीतल्या लोकांकडून कळलं. मला सांगायची त्यांना लाज वाटत होती म्हणे. देव अजूनही मानत नाहीत. तो दगडच आहे असंच म्हणतात. पण तो दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाहीत.

त्या अधिकाऱ्याला मी लेखी दिलं होतं की मी कुणाचंही धर्मांतर करणार नाही, आणि तो शब्द मी पाळला. छत्तीस वर्षांत मला जे जमलं नाही ते इंदूआजींनी पाटावरून न उठता केलं. मिशनरी त्या होत्या. व्हिसावर नाव तेवढं माझं पडलं.